ज्वारी महागली आणि भाकऱ्या वाढल्या : निकृष्ट वस्तू आणि गिफेन वस्तू वेगळ्या कशा ओळखायच्या

बारावीच्या अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास सापडतं : 'सर्व गिफेन वस्तू निकृष्ट असतात, पण सर्व निकृष्ट वस्तू गिफेन नसतात.' वाक्य अगदी बरोबर आहे. (गिफेन म्हणजे महागल्यावर उलट जास्त घेतली जाणारी वस्तू; निकृष्ट कशाला म्हणायचं ते खाली येतंच.) पण ते लिहिणाऱ्या मुलाला विचारलं, की मग पामतेल गिफेन का नाही, तर तो गप्प होतो. पदवीची मुलंही गप्प होतात आणि स्पर्धा परीक्षेच्या बहुपर्यायी प्रश्नात सोनं, कांदा, पैठणी यांपैकी कशावर तरी खूण करून पुढे जातात. मला याचं वाईट वाटतं, कारण हा विषय मुळात गरिबाच्या ताटाचा आहे. ते ताट एकदा नीट डोळ्यांसमोर आलं, की वक्र, समीकरणं आणि आकृत्या आपोआप सुचत जातात.

म्हणून खालची पद्धत नुसती वाचू नका, कागद-पेन्सिल घेऊन बसा. एखादी वस्तू निवडा आणि एकेका पायरीला तिला तपासत चला.

आधी 'निकृष्ट' या शब्दाचा घोळ मिटवू

पुस्तकांत कुठे 'निकृष्ट', कुठे 'कनिष्ठ', तर कुठे 'हलक्या प्रतीची' वस्तू असं लिहिलेलं असतं. तिन्ही शब्द फसवे आहेत, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की वस्तूत काहीतरी खोट आहे. अर्थशास्त्राचा वस्तूच्या दर्जाशी इथे काही संबंध नाही. भाव तेवढेच असताना माणसाच्या हातात जास्त पैसा आला आणि त्याने ती वस्तू घेणं कमी केलं, तर ती त्या माणसापुरती निकृष्ट. पैसा आल्यावर जास्त घेतली, तर सामान्य.

'त्या माणसापुरती' हे शब्द सोडू नका. ज्वारीचंच बघा. आमच्या आजीच्या पिढीत गव्हाची पोळी सणावाराला व्हायची, रोजचं पोट भाकरीवर. चार पैसे गाठीला आले की पहिली गोष्ट व्हायची ती म्हणजे आठवड्यातल्या पोळ्या वाढायच्या आणि भाकऱ्या कमी व्हायच्या. त्यातही ज्वारी-ज्वारीत फरक होता. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेला लाल मिलो लोकांनी नाइलाजाने खाल्ला. १९६४ साली 'सीएसएच-१' हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं आणि मग हायब्रीडची भाकरी ताटात आली. आणि परवडलं तर मात्र मालदांडीच. म्हणजे पैसा वाढला की मिलो आधी सुटायचा, मग हायब्रीड, आणि सगळ्यात शेवटी मालदांडी. आज शहरात डॉक्टरांनी साखर जपायला सांगितलेला माणूस गव्हापेक्षा महाग ज्वारी शोधून आणतो. पगार वाढला तर तो आणखी जास्त आणील. धान्य तेच, पण आजीच्या घरी निकृष्ट आणि नातवाच्या घरी सामान्य.

तेव्हा 'ज्वारी ही निकृष्ट वस्तू आहे का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणाच्या घरात आणि कोणत्या काळात, हे सांगितल्याशिवाय त्याचं उत्तर देऊ नये.

पायरी पहिली : पैसे हलवा, भावाला हात लावू नका

आता हिशेबाला बसू. आकडे मी सोपे आणि काल्पनिक घेतले आहेत, पण घर खरं वाटेल असं घेतलं आहे.

चार माणसांचं एक मजूर कुटुंब. महिन्याला खाण्यावर १,६०० रुपये खर्च करू शकतं. दोनच गोष्टी धरू : ज्वारी २० रुपये किलो, आणि तिच्या जोडीला कोरड्यास, म्हणजे डाळ, भाजी, अंडी, कधीमधी मासळी, सगळं मिळून सरासरी ८० रुपये किलो. घराला पोट भरायला दोन्ही मिळून महिन्याला ५० किलो लागतं. पोट आधी भरलं पाहिजे, आणि ते भरून जेवढं जमेल तेवढं कोरड्यास हवं, कारण कोरडी भाकरी कुणालाच घशाखाली उतरत नाही.

हे कुटुंब ४० किलो ज्वारी घेईल (८०० रुपये) आणि १० किलो कोरड्यास (८०० रुपये). पोट भरलं, पैसे संपले.

आता मजुरी थोडी वाढली आणि खाण्याला १,९०० रुपये मिळायला लागले. भाव तेच. ५० किलोची गरज तीच. कुटुंब ३५ किलो ज्वारी घेईल (७०० रुपये) आणि १५ किलो कोरड्यास (१,२०० रुपये). पैसा वाढला, ज्वारी ५ किलोने उतरली. पहिल्या कसोटीवर ज्वारी या घरापुरती निकृष्ट ठरली.

या पायरीवर एक चूक फार होते. मुलं 'उत्पन्न वाढलं आणि ज्वारीचा खर्चातला वाटा कमी झाला' असं लिहितात आणि थांबतात. वाटा कमी होणं वेगळं, किलो कमी होणं वेगळं. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवलं की उत्पन्न वाढतं तसा अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो. पण म्हणून सगळं अन्न निकृष्ट ठरत नाही, कारण माणूस अन्न आधीपेक्षा जास्तच घेत असतो, फक्त बाकी गोष्टी त्याहून वेगाने वाढतात. निकृष्ट म्हणायचं तर वजनकाट्यावरचं माप खाली आलं पाहिजे.

पायरी दुसरी : भाव हलवा, पैसे तेवढेच ठेवा

खरी गंमत इथे आहे. पुन्हा १,६०० रुपयांवर या. ज्वारी २०ची ३० झाली. कोरड्यास तेच ८०.

मागणीचा नियम पाठ असलेला कुणीही म्हणेल, ज्वारी कमी घेतील. आता हिशेब करा. जुनं ताट ठेवायचं तर ४० किलो ज्वारीचे १,२०० आणि १० किलो कोरड्यासाचे ८००, एकूण २,००० रुपये. ते घरात नाहीत. ४०० कमी पडतात. मग कशात काटायचं? ज्वारीत काटलं तर पोट भरत नाही, कारण महागली तरी तीच सगळ्यात स्वस्त आहे. काटायचं कोरड्यासात. पण कोरड्यास जेवढं काटलं, तेवढं पोट रिकामं राहणार, ते पुन्हा ज्वारीनेच भरायचं. असं करत करत हिशेब येऊन थांबतो तो ४८ किलो ज्वारी (१,४४० रुपये) आणि २ किलो कोरड्यासावर (१६० रुपये).

भाव दीडपट झाला आणि ज्वारी ४० किलोवरून ४८वर गेली. गिफेन वस्तू ती हीच.

हे घर ज्वारी आवडली म्हणून जास्त घेत नाही. आई डाळ पातळ करते, अंडी बंद होतात, भाजी एकदाच होते, आणि मुलांच्या ताटात एकेक भाकरी जास्त पडते. भाव वाढल्यावर मागणी वाढली, असं आपण कागदावर लिहितो तेव्हा त्या वाक्याच्या आत हे सगळं असतं. शिकवताना मी फळ्यावर वर जाणारी रेष काढण्याआधी हे दोन किलो कोरड्यास मुलांना तीस दिवसांवर वाटायला लावतो. चार माणसांत दिवसाला ६७ ग्रॅमसुद्धा येत नाही. तो आकडा पाहिल्यावर व्याख्या सहसा विसरली जात नाही.

एवढ्यावर दोन्हींमधला मूळ फरक हाती लागला. निकृष्ट आहे का, हे पैसे हलवून कळतं. गिफेन आहे का, हे भाव हलवून कळतं. दोन प्रश्नच वेगळे आहेत, आणि परीक्षेत निम्मे गुण केवळ हे न लिहिल्यामुळे जातात.

पायरी तिसरी : भाववाढीचे दोन तुकडे करा

मग गिफेन वस्तू निकृष्टच का असावी लागते? त्यासाठी भाववाढ फोडून बघायची. रशियन गणिती अर्थतज्ज्ञ स्लट्स्की यांनी १९१५ साली हे मांडलं, आणि हिक्स व ॲलन यांनी १९३४ साली ते नव्याने रुजवलं. साध्या भाषेत, भाव वाढला की घरात एकदम दोन गोष्टी होतात.

एक, ती वस्तू इतरांच्या तुलनेत महाग झाली, म्हणून माणूस दुसरीकडे वळायला बघतो. हा पर्यायता परिणाम. तो नेहमी मागणी खाली ढकलतो. जास्तीत जास्त शून्य असू शकतो, पण उलटा कधी होत नाही.

दोन, खिशातल्या पैशांची ताकद कमी झाली. माणूस आधीपेक्षा गरीब झाला. हा उत्पन्न परिणाम. गरीब झालेला माणूस सामान्य वस्तू कमी घेतो आणि निकृष्ट वस्तू जास्त घेतो.

सामान्य वस्तूत दोन्ही धक्के एकाच दिशेने, खालीच जातात. त्यामुळे सामान्य वस्तू गिफेन होऊच शकत नाही. निकृष्ट वस्तूत धक्के एकमेकांविरुद्ध असतात : एक खाली ओढतो, एक वर. बहुतेक वेळा खाली ओढणारा जिंकतो. ती साधी निकृष्ट वस्तू. क्वचित वर ओढणारा जिंकतो, ती गिफेन.

हे तुकडे प्रत्यक्ष करायची युक्ती अशी : भाववाढीनंतर त्या घराला जुनं ताट जसंच्या तसं घेता येईल एवढी भरपाई मनातल्या मनात देऊन टाका. आपल्या कुटुंबाला ४०० रुपये दिले. २,००० रुपयांत, ३० रुपये भावाने, ते किती ज्वारी घेईल? बरोबर ४० किलो, आणि १० किलो कोरड्यास. म्हणजे भरपाई दिल्यावर ज्वारी हललीच नाही. पोटाच्या गरजेने बांधलेल्या या घरात पर्यायाला वावच नव्हता. आता ते ४०० काढून घ्या. ज्वारी ४८. वाढलेले आठही किलो उत्पन्न परिणामाचे, म्हणजे थेट गरिबी वाढल्याचे आहेत. खऱ्या घरात पर्यायता परिणाम अगदी शून्य नसतो, थोडी बाजरी, थोडा मका येतो, पण दिशा हीच राहते.

आता पामतेल घ्या. आपल्याकडे पामतेल निकृष्ट आहे याबद्दल वाद नसावा. 'आनंदाचा शिधा' योजनेत २०२२च्या दिवाळीला १०० रुपयांत रवा, हरभराडाळ आणि साखरेच्या बरोबर जे एक लिटर तेल दिलं गेलं, ते पामतेलच होतं. हातात पैसा खेळायला लागला की घर शेंगदाणा, सूर्यफुलाकडे सरकतं. पण ते गिफेन आहे का?

समजा एका घराचा महिन्याचा खर्च १२,००० रुपये आणि पामतेल लागतं ३ लिटर. भाव १२०चा १४० झाला. जुनं तेल घ्यायला ६० रुपये जास्त लागतील, म्हणजे घर अर्ध्या टक्क्याने गरीब झालं. उत्पन्न एक टक्का घटलं की पामतेल अर्धा टक्का वाढतं असं धरलं, तर अर्ध्या टक्क्याच्या गरिबीने तेल वाढेल पाव टक्का. ३ लिटरचा पाव टक्का म्हणजे साडेसात मिलिलिटर. दीड चहाचा चमचा. आणि दुसऱ्या बाजूला दुकानात सोयाबीन तेलाची पिशवी शेजारीच लटकलेली असते. ती बघून बाई अर्धा लिटर तिकडे वळवणार. दीड चमचा वर, अर्धा लिटर खाली. पामतेल निकृष्ट आहे, पण गिफेनच्या जवळपासही नाही.

ज्यांना लवचिकता येते त्यांनी एवढं वहीत लिहून ठेवावं : निकृष्ट वस्तूचा खर्चातला वाटा गुणिले तिच्या उत्पन्न लवचिकतेचा आकडा, हा गुणाकार जर भरपाईनंतरच्या किंमत लवचिकतेच्या आकड्याहून मोठा असेल, तर आणि तरच ती गिफेन. पामतेलाचा वाटा ३ टक्के, गुणिले अर्धा, म्हणजे ०.०१५. एवढीशी ताकद पर्यायाच्या ओढीपुढे टिकत नाही. ज्वारीचा वाटा ५० टक्के, गुणिले ०.६७, म्हणजे ०.३३. म्हणून तिथे पारडं फिरलं.

पायरी चौथी : तीन अटी लागतात का बघा

वरच्या गुणाकारातूनच अटी निघतात, वेगळ्या पाठ करायची गरज नाही.

वस्तूने खर्चाचा मोठा घास घेतला पाहिजे. मीठ, काडेपेटी, स्वस्त साबण निकृष्ट असले तरी गिफेन होणार नाहीत. आज आपल्या देशात गिफेन वर्तन दिसणं अवघड का झालं, त्याचं एक कारण इथे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण भारताच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा २२ टक्क्यांच्या घरात होता. २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्या आसपास आला (फुकट मिळालेलं रेशन न धरता). अर्थात ही सरासरी आहे. सरासरीच्या खाली जी घरं आहेत, त्यांचा हिशेब वेगळा.

त्या वस्तूहून स्वस्त पर्याय नसला पाहिजे. ज्वारीच्या खाली आणखी स्वस्त मिलो असता, तर ज्वारी महागल्यावर घर मिलोकडे गेलं असतं. गिफेन वस्तू ही पोट भरण्याच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी असते.

आणि तिसरी अट, जी पाठ्यपुस्तकांत बहुधा सुटते : घर गरीब हवं, पण अगदी तळाला गेलेलं नको. आपला हिशेब पुढे न्या. ज्वारी ३२ रुपये झाली की ५० किलोचे बरोबर १,६०० होतात. कोरड्यास शून्य, नुसती ज्वारी ५० किलो. इथवर भाव वाढला तशी ज्वारी वाढत गेली. आता भाव ४० झाला तर? १,६०० रुपयांत ४० किलोच येते. काटायला कोरड्यास उरलेलंच नाही, काटायचं ते पोटाला. म्हणजे २० रुपयांना ४० किलो, ३० रुपयांना ४८, ३२ला ५०, आणि ४०ला पुन्हा ४०. मागणीचा वक्र वर चढतो आणि एका जागी परत वळतो. ताटात कापायला दुसरं काहीतरी शिल्लक असेल, तोवरच वस्तू गिफेन राहते. हे चार आकडे आलेखावर मांडून बघा, उभ्या अक्षावर भाव, आडव्यावर किलो. आकार हातून एकदा निघाला की डोक्यात बसतो.

गिफेन साहेब, पाव, बटाटा आणि हुनानचा तांदूळ

नाव पडलं ते रॉबर्ट गिफेन (१८३७-१९१०) या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञावरून. पण बहुतेक गाइडांत छापलेली गोष्ट तपासून घेतली पाहिजे. आल्फ्रेड मार्शल यांनी 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स'च्या १८९५च्या तिसऱ्या आवृत्तीत गिफेन यांचा हवाला देऊन लिहिलं ते पावाबद्दल : पाव महागला की गरीब कामगार कुटुंबांवर इतका ताण पडतो, की ती मांस आणि महाग पदार्थ कमी करतात आणि पाव जास्त खातात. पुढे जॉर्ज स्टिगलर यांनी १९४७ साली गिफेन यांच्या लेखनात हे विधान शोधलं, तर त्यांना ते सापडलं नाही.

आयर्लंडच्या बटाट्याची गोष्ट तर नंतर पाठ्यपुस्तकांतून पसरली. १८४५पासून बटाट्यावर करपा पडला आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. पण पीकच बुडालं होतं. जे उगवलंच नाही ते लोकांनी जास्त खाल्लं, हे कसं शक्य आहे? परीक्षेत आयर्लंडचं उदाहरण लिहिलं म्हणून गुण कापले जाणार नाहीत, तरी मी मुलांना ते लिहू नका असं सांगतो. एवढ्या मोठ्या मरणाला चुकीच्या तत्त्वाचं उदाहरण करणं मला पटत नाही.

भक्कम पुरावा मिळायला २००६ साल उजाडलं. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान आणि गान्सू प्रांतांत शहरी गरीब घरांवर प्रयोग केला, सुमारे १,३०० कुटुंबं. हुनानमध्ये मुख्य अन्न तांदूळ, गान्सूत गहू. चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून काही घरांना पाच महिने कुपनं दिली. त्यावर प्रत्येक जिनमागे, म्हणजे अर्ध्या किलोमागे, ०.१०, ०.२० किंवा ०.३० युआन सूट. उरलेल्या घरांना काही नाही. हुनानमध्ये तांदूळ स्वस्त मिळालेल्या घरांनी तांदूळ कमी खाल्ला, आणि कुपनं बंद झाल्यावर पुन्हा वाढवला. गान्सूत असा पुरावा कच्चा मिळाला. आणि वरची तिसरी अट इथे दिसली : ज्यांचे ८० टक्क्यांहून जास्त उष्मांक मुख्य धान्यातूनच येत होते, त्या अगदी हलाखीतल्या घरांत गिफेन वर्तन दिसलं नाही, त्यांच्यापेक्षा जरा बऱ्या गरिबांत ते ठळक होतं. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. उत्तरात उदाहरण द्यायचं तर हे द्या.

आपल्याकडचा एक दुवाही सांगून ठेवतो. अँगस डीटन आणि शंकर सुब्रमण्यन यांनी १९८३च्या नमुना पाहणीतली ग्रामीण महाराष्ट्राची आकडेवारी घेऊन १९९६ साली एक अभ्यास छापला. अन्नावरचा खर्च वाढतो तेव्हा साधारण अर्धी वाढ जास्त उष्मांकांवर जाते आणि अर्धी अधिक महाग उष्मांकांवर, असं त्यात दिसलं. भाकरीवरून पोळीवर, डाळीवरून अंड्यावर सरकणारं आजीचं घर त्या आकडेवारीत आहे. त्यांनी गिफेन शोधला नव्हता, पण ज्या सरकण्यातून गिफेन जन्मतो ते नेमकं हेच.

पायरी पाचवी : तोतये बाजूला काढा

भाव चढा आणि खपही चढा, असं दिसलं की लगेच गिफेन म्हणू नका.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव चौपट होतो आणि झेंडू विकलाही रोजच्या कितीतरी पट जातो. तिथे सणामुळे मागणीचा वक्रच उजवीकडे सरकला. भाव वाढला म्हणून लोकांनी जास्त घेतलं असं नाही. लोकांना जास्त हवं होतं म्हणून भाव वाढला. कारण आणि परिणाम उलटे धरले की सगळंच चुकतं.

सोनं चढायला लागलं की रांगा लागतात, त्या उद्या आणखी चढेल या अपेक्षेने. शिवाय सोनं निकृष्ट नाहीच. पगार वाढल्यावर सोनं कमी घेणारं घर दाखवा. पहिल्याच पायरीवर ते बाद. पैठणी, महागडं घड्याळ, आलिशान गाडी यांचंही तेच; महाग आहे म्हणूनच मिरवण्यासाठी घेतली जाणारी वस्तू ही व्हेब्लेन वस्तू, थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांच्या १८९९च्या ग्रंथावरून हे नाव पडलं. व्हेब्लेन आणि गिफेन यांत गल्लत करणारी उत्तरं मी शेकड्याने तपासली आहेत. एकात श्रीमंतीचं प्रदर्शन आहे, दुसऱ्यात ताटातली डाळ गेलेली आहे.

कांद्याने फसणारे सगळ्यात जास्त. कांदा ८० रुपये झाला की महिन्याचं कांद्याचं बिल फुगतं, आणि मुलं लिहितात मागणी वाढली. बिल वाढलं, किलो वाढले नाहीत. तीनऐवजी दोन किलो आणले तरी खर्च वाढू शकतो. ही कमी लवचीक मागणी आहे, मागणीचा नियम तिथे शाबूत आहे.

आकृती काढायची असेल तर

आडव्या अक्षावर ज्वारी, उभ्यावर कोरड्यास. मूळ अंदाजपत्रक रेषा (हातातल्या पैशांत बसणारी ताटं) समवृत्ती वक्राला (घराला सारखंच समाधान देणारी ताटं) जिथे स्पर्श करते तो बिंदू अ. ज्वारी महागली, रेषा आतल्या बाजूला वळली. नव्या वक्रावरचा स्पर्शबिंदू क. आता नव्या रेषेला समांतर अशी तुटक रेषा जुन्या वक्राला स्पर्श करेल अशी काढा. तो बिंदू ब. अ पासून ब हा पर्यायता परिणाम, तो डावीकडेच जातो. ब पासून क हा उत्पन्न परिणाम. क जर ब च्याही डावीकडे असेल तर वस्तू सामान्य. क हा ब आणि अ यांच्या मधे असेल तर साधी निकृष्ट. क हा अ ला ओलांडून उजवीकडे गेला तर गिफेन. तिन्हींसाठी वेगळ्या आकृत्या पाठ करण्यापेक्षा क ची जागा सरकवत राहा.

पायरी सहावी : रेशनचं धान्य कुठल्या खान्यात?

वर्गात हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो आला की मला बरं वाटतं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३चा. प्राधान्य गटाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आधी तांदूळ ३ आणि गहू २ रुपयांनी, आणि जानेवारी २०२३पासून मोफत. हा भाव कमी केल्याचा परिणाम धरायचा का?

विचारा, घराने घेतलेला शेवटचा किलो कोणत्या भावाने आला? आपल्या चौघांच्या घराला २० किलो मोफत मिळतं, उरलेलं बाजारातून. शेवटचा किलो बाजारभावानेच येतो. म्हणजे भाव हललाच नाही. घराला फक्त २० किलोच्या किमतीएवढे पैसे मिळाल्यासारखं झालं. ही दुसरी पायरी नसून पहिली आहे, शुद्ध उत्पन्न परिणाम.

रेशनचं धान्य ज्वारीच्या बरोबरीचं धरून हिशेब करा. १,६०० रुपये हातात, २० किलो फुकट, बाजारात ज्वारी २०. घर एकूण ३३ किलोच्या थोडं वर धान्य खाईल आणि कोरड्यास जवळजवळ १७ किलो. रेशन मिळूनही धान्य ४०वरून ३३वर आलं. पाहणीत असा आकडा दिसला की कुणीतरी म्हणतं, लोकांना धान्याची गरजच नव्हती. त्यांना १० किलोवरून १७वर गेलेलं कोरड्यास दाखवा.

मग बाजारात ज्वारी २०ची ३० होऊ द्या. रेशन नसलेलं घर आपण दुसऱ्या पायरीत पाहिलं : धान्य ४८ किलो, कोरड्यास २. रेशन असलेलं घर बाजारातून १६ किलो ज्वारी घेईल (४८० रुपये), रेशनचं धरून धान्य ३६ किलो, आणि १,१२० रुपयांचं कोरड्यास, १४ किलो. भाव वाढल्यावर धान्य इथेही वाढलंच, ३३वरून ३६. व्याख्येने वस्तू अजून गिफेनच आहे. पण एका घरात महिन्याला दोन किलो डाळ-भाजी आहे आणि दुसऱ्यात चौदा.